पात्र मेले, डोळे माझे का भरले?

या महिन्यात टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत नियमांच्या शंका नव्हत्या. खेळताना दाटून आलेल्या भावनांचे करायचे काय, असे त्यांत विचारले होते, म्हणून हे सदर या वेळी त्या एकाच विषयाला दिले आहे. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन त्याच्या वतीने बोलतो आणि निर्णय घेतो, गेम मास्टर उरलेले सारे जग आणि त्यातली माणसे सांभाळतो, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. सैन्याच्या लढाया टेबलावर मांडून खेळण्याच्या छंदातून तो निघाला. त्यामुळेच की काय, सुरुवातीच्या नियमांत जखमांचा हिशेब चोख होता, पण शोकाचा विचार नव्हता. तो खेळाडूंनी आपण होऊन आणला.

प्रश्न : आमचा पाच जणांचा गट गेली दोन वर्षे एकच मोहीम खेळत आहे. माझे पात्र म्हणजे उतारवयाला लागलेला एक ढालकरी. वाटेत भेटलेल्या एका पोरक्या मुलाला त्याने हाताशी धरले होते. तो मुलगा म्हणजे आमच्यापैकीच एकाचे पात्र. मागच्या डावात बाकीच्यांना पूल ओलांडता यावा म्हणून माझे पात्र मागे थांबले, कोसळले आणि मृत्यूपासून बचावण्यासाठी टाकलेल्या फाशांचे दान तिन्ही वेळा उलटे पडले. मी सर्वांदेखत रडलो. घरी सांगितल्यावर मोठा भाऊ म्हणाला, “कागदावरच्या माणसासाठी कुणी रडतं का?” तेव्हापासून माझी मलाच लाज वाटते आणि पुढच्या डावाला जाऊ नये असे वाटते. — ढालकरी

उत्तर : तुमच्या बंधूंना नाटक पाहताना किंवा कादंबरी वाचताना कधी गहिवरून आले असेल, तर त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्यापाशीच आहे, कारण तिथली माणसेही कागदावरचीच असतात. मला उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे वाटते. नाटकातल्या पात्राचे काय होणार हे लेखकाने आधीच ठरवलेले असते आणि प्रेक्षक कितीही तळमळला तरी त्यात तसूभर फरक पडत नाही; म्हणून प्रेक्षकाला करुणा वाटते, भीती वाटते, पण अपराधी वाटत नाही आणि अभिमानही वाटत नाही. तुमचा ढालकरी पुलावर मागे थांबला तो तुम्ही थांबवलात म्हणून. पळून जाण्याची वाट मोकळी होती, ती तुम्ही नाकारलीत, आणि त्याची किंमत काय मोजावी लागेल हे त्या क्षणी तुम्हाला, गेम मास्टरला किंवा आणखी कुणालाही ठाऊक नव्हते. आपल्या निर्णयाचा वाटा असलेले दुःख नुसत्या पाहिलेल्या दुःखापेक्षा अधिक आत जाऊन लागते, यात नवल नाही.

यात नियमांचाही हात आहे, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत (तुमच्या पत्रावरून तुम्ही तीच खेळता असे दिसते) पात्राचे हिट पॉइंट, म्हणजे अंगात उरलेल्या ताकदीचा आकडा, शून्यावर आले तरी ते बहुधा लगेच मरत नाही. आपली पाळी आली की खेळाडूने वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा त्याहून अधिक पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशे आधी जमली तर जीव तगतो, तीन अपयशे आधी जमली तर सारे संपते. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची धरतात, म्हणजे कथेत हे सारे वीस सेकंदांच्या आत उरकते. टेबलाभोवती मात्र दोन फाशांच्या मध्ये बाकी प्रत्येकाची पाळी येते. कुणी धावत मागे वळतो, कुणाच्या मंत्राची शक्ती संपलेली असते, कुणी नकाशावरचे चौकोन मोजतो आणि ते दोनाने कमी पडतात. एवढा वेळ सर्व जण त्या एकाच गोष्टीकडे डोळे लावून बसलेले असतात. तुमचे पात्र एका घावात गेले असते तर तुम्हाला धक्का बसला असता. रडू बहुधा आले नसते.

खेळाडू आणि पात्र यांच्यात भावनांची अशी जी ये-जा होते, तिला एमिली केअर बॉस या अमेरिकन खेळ-रचनाकार बाईंनी ‘ब्लीड’ असे नाव दिले. २००७ मध्ये फिनलंडमधील एका खेळ-संमेलनात त्यांनी ही कल्पना मांडली आणि पुढे उत्तर युरोपातल्या भूमिका-खेळाडूंनी तिचा बराच खल केला. पात्राचे दुःख खेळाडूच्या अंगात उतरते, तसेच खेळाडूच्या मनातले काहीबाही पात्रातही झिरपते. एका पोरक्या मुलाला दोन वर्षे जपणारा माणूस तुम्ही उभा केलात, तो काही फाशांनी ठरवलेला नव्हता. ती माया तुमच्याकडूनच त्याच्यात आली होती. मग ती परत येताना तुमच्याच वाटेने येणार.

भावना नेमकी कुणाची, हा वाद तसा जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील रससूत्रावर भाष्य करणाऱ्यांमध्ये रस, म्हणजे नाटकातून मिळणारा भावनेचा आस्वाद, नेमका कुठे असतो यावरून मोठा मतभेद होता. लोल्लटाने तो मुख्यतः मूळ पात्राच्या ठायी मानला, शंकुकाच्या मते प्रेक्षक नटावरून त्याचे अनुमान करतो, आणि अभिनवगुप्ताने तो सहृदय प्रेक्षकाच्या अनुभवात आहे असे सांगितले. आपल्या खेळात पात्र घडवणारा, ते वठवणारा आणि त्याच्याकडे पाहून हेलावणारा एकच माणूस असतो आणि त्याचे सोबतीही एकाच वेळी नट आणि प्रेक्षक असतात. शंकुकाला हे टेबल दाखवले असते तर तो बराच गोंधळला असता, असे मला उगाच वाटते.

आता व्यवहाराचे. पुढच्या डावाला अवश्य जा, पण त्याआधी त्या मुलाचे पात्र खेळणाऱ्या मित्राशी बोला; त्याचाही डाव तुमच्याइतकाच अवघड गेला असेल आणि तोही कुणी विषय काढेल याची वाट पाहत असेल. गेम मास्टरला सांगून पुढच्या डावाच्या सुरुवातीला निरोपाचा एक लहानसा प्रसंग मागून घ्या. ढाल कुणी घ्यायची, त्या मुलाला कोण सांभाळणार, एवढे त्यात ठरले तरी पुरे. नवे पात्र लगेच, त्याच आठवड्यात बनवण्याची घाई करू नका. एखादा डाव गेम मास्टरच्या हाताखालची किरकोळ पात्रे खेळलात तरी चालेल.

प्रश्न : मी गेम मास्टर आहे. नायिकेच्या धाकट्या बहिणीचा दरोडेखोरांच्या हातून मृत्यू होतो, असा प्रसंग मी फार मेहनतीने लिहिला होता. मंद संगीत लावले, दोन पानांचे वर्णन वाचून दाखवले, आणि ते संपताच एका खेळाडूने विचारले, “तिच्या खिशात काय आहे?” सगळे हसले. खेळाडूंच्या डोळ्यांत पाणी आणण्याचे कसब कसे कमवावे? — हिरमुसलेला गेम मास्टर

उत्तर : ते कसब कमवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यांत पाणी आणण्याचा बेत करून बसलेल्या गेम मास्टरचा वास खेळाडूंना लांबूनच येतो आणि मग ते विनोदाची ढाल पुढे करतात. तुमच्या मित्राने खिशाचा प्रश्न विचारला तो निर्ढावलेपणाने असेलच असे नाही. आता आपण हळवे व्हायचे आहे असा हुकूम सुटल्यासारखा वाटला की पुष्कळांना आधी हसूच फुटते.

त्या बहिणीचे काय चुकले ते पाहू. ती तिच्या मृत्यूच्या आधी टेबलावर कितीदा बोलली होती? पत्रावरून असे दिसते की ती नायिकेच्या पूर्वकथेत एका ओळीपुरती होती आणि थेट मरायलाच कथेत आली. खेळाडूंचा जीव जडतो तो ज्या माणसासाठी त्यांनी स्वतः काही केलेले असते त्याच्यावर, आणि तो माणूस बहुधा तुमच्या टिपणांत नसतोच. तबेल्यातल्या एका पोऱ्याला गेम मास्टरने सहज दोन वाक्ये दिली, एका खेळाडूने त्याचे नाव विचारले, घाईघाईने सुचले ते नाव ठेवले. पुढच्या खेपेला दुसऱ्याने त्याच्यासाठी जुने बूट आणले, तिसऱ्याने त्याला आपले नाव लिहायला शिकवले. आता या पोऱ्याला ताप आला एवढे म्हटले तरी टेबलावर शांतता पसरेल, त्यासाठी संगीत लागणार नाही. तुमचे काम एवढेच, की कोणत्या माणसापाशी खेळाडू आपण होऊन थांबतात ते टिपून ठेवायचे आणि त्या माणसाला एखादी लहान, पुरी करता येण्यासारखी गरज द्यायची.

दोन पानांचे वर्णन हा दुसरा दोष. वर्णन चालू असते तेव्हा खेळाडू श्रोते असतात, आणि श्रोत्यापाशी करण्यासारखे काही नसते. प्रसंग तीन-चार वाक्यांत मांडा, नायिकेच्या खेळाडूकडे वळून “तू काय करतेस?” एवढे विचारा आणि मग गप्प बसा. ही शांतता गेम मास्टरला फार लांब वाटते, ती भरून काढण्याचा मोह होतो, तो आवरा. ती म्हणेल, “मी तिच्या केसांतली काडी काढते,” आणि हे वाक्य तुमच्या दोन पानांत कुठेही नसेल.

शिवाय दर वेळी मृत्यूच कशाला हवा? उशिरा पोहोचलेले पत्र, न मागता मिळालेली क्षमा, ज्याला वाचवले त्यानेच ओळख न दाखवणे, यांनीही माणसे हेलावतात. नातलगांना मारण्याची सवय लागलेल्या गेम मास्टरच्या टेबलावर थोड्याच दिवसांत सगळी पात्रे अनाथ, एकुलती एक आणि अविवाहित निघू लागतात, हे अनुभवी खेळाडू हसत हसत कबूल करतील. ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा ‘पेनड्रॅगन’ हा आर्थर राजाच्या सरदारांचा खेळ या दृष्टीने जरूर पाहा. त्यात प्रेम, निष्ठा, द्वेष अशा ओढींना पात्राच्या कागदावर आकडे असतात. दर हिवाळ्याला पात्राचे वय वाढते, लग्ने होतात, मुले जन्मतात, आणि सरदार मेला की त्याचा वारस खेळायला घेता येतो. आजोबांची तलवार नातवाच्या हाती जाते तेव्हा जे वाटते ते कुणी लिहून आणलेले नसते.

प्रश्न : मला आवाज बदलून बोलता येत नाही, अभिनय जमत नाही. गटातल्या इतरांचे डोळे भरून येतात, मला मात्र तसे कधी होत नाही. मी चुकीचे खेळते आहे का? — कोरडी

उत्तर : नाही. “माझे पात्र काही बोलत नाही, तलवार खाली ठेवते आणि दाराकडे तोंड करून बसते,” असे साध्या आवाजात, तृतीय पुरुषात सांगितले तरी ते पुरेपूर खेळणेच आहे, आणि पुष्कळदा ते हुंदक्यांपेक्षा अधिक भिडते. अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत दिदरो याचे तर म्हणणे होते, की थोर नट स्वतः भावनेत वाहून जात नाही. त्याचे सगळेच खरे मानायला नको, पण कोरड्या डोळ्यांनी खेळणाऱ्याचे निर्णय टेबलाला हलवून जातात हे खरे आहे. तुमच्या गटात अश्रूंवरून गुण देण्याची पद्धत पडू लागली असेल, तर ती मात्र मोडा.

प्रश्न : माझे वडील दीर्घ आजाराने गेले, त्याला अजून वर्ष झालेले नाही. मागच्या डावात गेम मास्टरने माझ्या पात्राच्या गुरूंचे आजारपण रंगवले. रात्रीचा खोकला, उशाशी ठेवलेली औषधे, “आज जरा बरं वाटतंय” हे वाक्य. माझे हातपाय गार पडले. काहीतरी कारण सांगून मी उठून गेले. नंतर एक मैत्रीण म्हणाली, “अगं, खेळच तर आहे.” गेम मास्टरला वडिलांविषयी माहिती नव्हती. मला खेळणे सोडायचे नाही, पण पुन्हा तसे झाले तर? — नाव नको

उत्तर : तुम्ही उठून गेलात ते योग्यच केलेत, आणि कारण खोटे सांगितले असले तरी त्याचे मनाला लावून घेऊ नका. तुमची मैत्रीण चूक बोलली नाही, पण अपुरे बोलली. गुरू काल्पनिक होते. खोकला तुमच्या ओळखीचा होता. गेम मास्टरचाही यात दोष नाही. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार? मात्र गटाने एक काम करायचे राहिले आहे: खेळात काय येऊ द्यायचे नाही, हे आधी बसून ठरवण्याचे.

यासाठी वापरात असलेल्या दोन पद्धती सांगते. रॉन एडवर्ड्स या रचनाकाराने मांडलेली रेषा आणि पडद्यांची पद्धत अशी: रेषेपलीकडची गोष्ट कथेत मुळीच येत नाही, पडद्याआडची गोष्ट कथेत घडते, पण तिचे वर्णन होत नाही. तुमच्या बाबतीत हा फरक उपयोगी पडेल. आजारपण नकोच असेल तर ती रेषा. गुरू आजारी असणे चालेल, पण खोलीतली रात्र नको असेल, तर तो पडदा. मग गेम मास्टर म्हणेल, “तीन आठवडे गेले, गुरू आता खूप थकले आहेत,” आणि कथा पुढे जाईल. हे ठरवण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे मोहिमेच्या आधीची बैठक, ज्याला खेळाडू ‘सेशन झीरो’ म्हणतात. पण मोहीम मध्यावर असतानाही ती पुन्हा घेता येते, आणि तुमच्या गटाने ती घ्यावीच.

दुसरी पद्धत जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी २०१३ च्या सुमारास पुढे आणलेल्या ‘एक्स-कार्ड’ची. टेबलाच्या मध्यावर फुली मारलेले एक कार्ड ठेवायचे. कुणीही त्याला हात लावला की चालू असलेली ती गोष्ट गाळून पुढे जायचे, कारण विचारायचे नाही. पद्धत चांगली आहे, तरी तिची एक मर्यादा तुमच्या पत्रातच दिसते: हातपाय गार पडलेल्या माणसाचा हात कार्डापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दुसऱ्या कुणी आपल्या वतीने कार्डाला हात लावला तरी चालेल, असे आधीच ठरवावे, आणि कुणी अचानक गप्प झाले तर गेम मास्टरने स्वतःहून पाच मिनिटांची सुट्टी जाहीर करावी.

अशा बंधनांनी खेळातली उत्कटता मरते, असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकते आणि तो मला पटत नाही. जिथे थांबता येईल याची खात्री असते तिथेच माणसे खोल पाण्यात उतरतात. खात्री नसलेल्या टेबलावर सगळे जण विनोद आणि लढाया यांच्या आधाराने काठाकाठाने चालतात.

गेम मास्टरशी बोलताना फार तपशिलात शिरण्याची गरज नाही. “घरी नुकतेच एक आजारपण होऊन गेले आहे, म्हणून गुरूंचा प्रसंग मला झेपला नाही, त्यांचे आजारपण पडद्याआड ठेवता येईल का?” एवढे पुरे. पुढे कधी तुम्हाला स्वतःलाच तो प्रसंग खेळावासा वाटला, तर तेही तुम्हीच सांगा, त्यांनी सुचवू नये. आणखी एक गोष्ट. मानसोपचारात भूमिका-खेळांचा उपयोग करणारे प्रशिक्षित लोक आहेत. मित्रांचे टेबल म्हणजे उपचार नव्हे. दुःखाने झोप, भूक, कामकाज हे सारे विस्कटले असेल, तर समुपदेशकाकडे जा आणि खेळाकडून खेळाइतकीच अपेक्षा ठेवा.

प्रश्न : आमच्या मोहिमेत माझे पात्र आणि एका सहखेळाडूचे पात्र प्रेमात पडले आहेत. आता डाव संपल्यावरही मला त्याचीच आठवण येत राहते. तो नेहमीसारखाच वागतो. हे माझे आहे की माझ्या पात्राचे, हे कसे ओळखावे? — दोलायमान

उत्तर : ब्लीडची ही सर्वांत परिचित तऱ्हा आहे, आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. महिनोन्महिने एक माणूस तुमच्याकडे पाहून हळुवार शब्द बोलतो आहे, तुमच्यासाठी जीव धोक्यात घालतो आहे. हे सारे त्याच्या पात्राच्या वतीने चालले आहे हे बुद्धीला कळते, पण बाकी शरीर तेवढे काटेकोर नसते.

ओळखण्याचा एक साधा मार्ग आहे. आठवडाभरात तुम्हाला काय आठवते ते लक्ष देऊन पाहा. किल्ल्याच्या गच्चीवर घेतलेली शपथ, सापडलेली अंगठी, शत्रूसमोर उच्चारलेले वाक्य हेच आठवत असेल, तर तुमची ओढ पात्राकडे आहे आणि मोहीम संपली की ती बहुधा ओसरेल. नव्या खेळाडूला तो न चिडता नियम समजावून सांगत होता, हरल्यावर तो कसा हसला, हे आठवत असेल, तर ती ओढ माणसाकडे आहे. दोन्ही मिसळलेले असणेही शक्य आहे. म्हणून डाव संपल्या संपल्या काही बोलू नका. खेळाशी संबंध नसलेल्या कामासाठी, चार लोकांत, दोन-तीनदा भेटा आणि मग पाहा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. पात्राच्या तोंडून स्वतःचे बोलू नका. खेळाच्या आडून आलेल्या कबुलीला समोरच्याने पात्र म्हणून उत्तर द्यावे की माणूस म्हणून, हे त्याला कळत नाही, आणि सगळे टेबल पाहत असताना त्याला नकारही देता येत नाही. बोलायचेच असेल तर खेळाबाहेर, स्वतःच्या नावाने बोला. उत्तर काहीही आले तरी पात्रांचे प्रेम पुढे कसे न्यायचे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो दोघांनी मिळून सोडवायचा आहे.

रागाचेही असेच होते. एका पात्राने दुसऱ्याचा विश्वासघात केला आणि दोन मित्र महिनाभर बोलेनासे झाले, अशी दोन पत्रे याच टपालात आहेत. त्यांना स्वतंत्र उत्तर देत नाही. विश्वासघात करण्यापूर्वी समोरच्या खेळाडूला (पात्राला नव्हे) बाजूला घेऊन विचारून घ्यावे. धक्का थोडा कमी होतो, पण मैत्री टिकते.

प्रश्न : आमच्याकडे लांब मोहिमेसाठी वेळ नसतो. एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळात असे उत्कट क्षण येऊ शकतात का? — घाईतला वाचक

उत्तर : येतात, पण तिथे ओढ निर्माण व्हायला वेळ नसल्यामुळे ते काम खेळाच्या रचनेने करावे लागते. स्टीफन ड्यूई यांच्या ‘टेन कँडल्स’मध्ये सर्वांची पात्रे मरणार हे पहिल्यापासून सर्वांना माहीत असते. खोलीत दहा मेणबत्त्यांखेरीज दुसरा उजेड नसतो, आणि खेळ पुढे सरकतो तशा त्या एकेक करून विझतात. सुरुवातीला प्रत्येक जण आपल्या पात्राच्या आवाजात एक निरोप ध्वनिमुद्रित करतो. शेवटी अंधारात ते निरोप ऐकवले जातात, तेव्हा तीन-चार तासांपूर्वी गमतीने बोललेल्या वाक्यांचा अर्थ पार बदललेला असतो.

सोबतीला कुणीच नसेल तर टिम हचिंग्ज यांचा ‘थाउजंड इयर ओल्ड व्हॅम्पायर’ एकट्याने, वहीत लिहून खेळतात. त्यात पात्राला एका वेळी पाचच आठवणी मनात ठेवता येतात. काही आठवणी रोजनिशीत हलवता येतात, पण रोजनिशीही हरवू शकते. नव्या आठवणीला जागा हवी म्हणून कधीतरी जुनी खोडावीच लागते. आईविषयी आपणच लिहिलेल्या वाक्यावर आपल्याच हाताने रेघ ओढताना पेन अडखळते. एकट्याने बसणार असाल तर रात्री उशिरा सुरू करू नका, एवढेच सुचवते.

प्रश्न : आमच्या मित्राचे आवडते पात्र मेले आणि तो फार खट्टू झाला आहे. आम्ही खेळातले सोने जमवून त्याला मंत्राने परत जिवंत करायचे ठरवले, गेम मास्टरही राजी आहे. पण मित्रच नको म्हणतो. त्याला चकित करावे का? — उत्साही मंडळी

उत्तर : करू नये. मित्र खट्टू आहे याचा अर्थ त्याला पात्र परत हवे आहे असा होत नाही. पुष्कळदा खेळाडूला तो शेवट दुखतो आणि तरीही मोलाचा वाटतो, आणि तो पुसून टाकला की दुखणे तेवढे उरते. नव्या पात्राला तुमच्यात सामावून घ्या, जुन्याची आठवण कथेत निघू द्या, ते त्याला अधिक आवडेल.

पाचव्या आवृत्तीच्या नियमांतही तुम्हाला फारशी वाट नाही. मृत्यूला दहा दिवसांहून अधिक काळ झालेला नसेल, तर पाचशे सुवर्णमुद्रांच्या हिऱ्याने मृताला उठवणारा मंत्र तिथे आहे खरा, परंतु मृताचा आत्मा परत येण्यास राजी असेल तरच तो फळतो, आणि आत्मा राजी आहे की नाही हे त्या पात्राच्या खेळाडूनेच सांगायचे असते. तुमच्या मित्राने ते सांगितले आहे. हिरा दुसऱ्या कामाला ठेवा.